पडद्यावरची जोडी आणि घरातली जोडी



अशोक सराफ हे नाव घेतलं की जोडीला तुम्ही कुणाचं नाव घ्याल? आपल्यातल्या थोरल्या बाया लगेच म्हणतील, रंजना. त्यांच्याहून धाकट्या म्हणतील, निवेदिता. दादा कोंडके म्हटलं की उषा चव्हाण, हे तर सगळ्याच सांगतील. कॉलेजात जाणाऱ्या मुली स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांचं नाव घेतील, नाहीतर रितेश आणि जेनेलिया यांचं. वय कोणतंही असो, प्रत्येकीच्या मनात एक जोडी असतेच. सिनेमाचं नाव विसरायला होतं, गोष्ट विसरायला होते, पण जोडी विसरत नाही.

आज आपण या हसवणाऱ्या, भांडणाऱ्या आणि शेवटी एक होणाऱ्या जोड्यांचा इतिहास बघणार आहोत. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या हसण्यालाही इतिहास असतो. कोणत्या काळात बाईनं चारचौघांत काय बोललेलं चाललं, कोणत्या काळात तिनं नवऱ्याला उलट उत्तर दिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे या जोड्यांवरून कळतं. आपल्या आज्यांचा आणि आयांचा काळच त्यातून दिसतो.

तसा जोडी हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्याकडे बैलाची जोडी असते. आणि दिवाळीनंतर ऊस तोडायला जी माणसं आपल्या जिल्ह्यातून गुजरातेत किंवा साखर कारखान्यांवर जातात, त्यांच्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसं दोन, हिशेबात कोयता एक. मुकादमाकडची उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. ही गोष्ट मनात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

आता सुरुवातीपासून सुरुवात करू. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा पडद्यावर यायला बाई मिळेना. चांगल्या घरच्या बायकांनी असलं काम करायचं नाही, अशी समजूत होती. मग साळुंके नावाच्या एका तरुणानं साडी नेसून तारामतीचं काम केलं. पुढे १९१७ साली फाळक्यांनी 'लंकादहन' काढला. त्यात याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. म्हणजे बघा, जोडी दोघांची, माणूस एक! लोकांनी त्या रामालाही हात जोडले आणि सीतेलाही. त्या वेळी बायका अगदीच नव्हत्या असं नाही. १९१३ सालीच फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं होतं. पण त्यासाठी त्यांना समाजाची बोलणी खावी लागली.

तमाशातही बराच काळ असंच होतं. नाच्या पोरगा साडी नेसून नाचायचा आणि सोंगाड्या त्याच्याशी सवाल-जवाब करायचा. मग बायका फडावर उभ्या राहिल्या. त्यात पवळा हिवरगावकर हे मोठं नाव. पठ्ठे बापूराव हे जन्माने कुलकर्णी. तमाशासाठी त्यांनी गाव सोडलं, जात सोडली, आणि दलित समाजातल्या पवळाबाईंबरोबर फड गाजवला. तिकीट काढून लोक 'बापूराव आणि पवळा' बघायला यायचे, एकट्याला बघायला नाही. आपल्या मुलखातली लोकांनी डोक्यावर घेतलेली ही फार जुनी जोडी. जत्रेच्या तमाशातला सोंगाड्या आणि नाचणारीण यांची खटकेबाज बोलणी ऐकलेल्या बायांना पुढे सिनेमातली जोडी परकी वाटली नाही, यात नवल नाही.

बोलपट आला आणि बाईला पडद्यावर तोंड मिळालं. १९३८ साली 'ब्रह्मचारी' नावाचा चित्रपट आला. आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला. विनायक स्वतः नायक, आणि नायिका मीनाक्षी शिरोडकर. ब्रह्मचर्याचं व्याख्यान ऐकून एक तरुण लग्नच करणार नाही अशी प्रतिज्ञा करतो, आणि किशोरी नावाची मुलगी येऊन त्या प्रतिज्ञेची पार वाट लावते. मीनाक्षीबाईंनी यात पोहण्याचा पोशाख घातला म्हणून केवढा गहजब झाला. आजही जुनी माणसं या चित्रपटाची आठवण त्या पोशाखावरूनच काढतात. पण आपण बायांनी त्यातली दुसरी गोष्ट बघायला हवी. इथे मुलगी लाजत कोपऱ्यात उभी नाही. पुढाकार तिचा आहे. बावळट ठरतो तो नायक. ८५ वर्षांहून जुनी ही गोष्ट आहे.

यात विनोदाचं एक गुपित आहे. रडका सिनेमा बाईच्या मुक्या डोळ्यांवर चालतो. तिनं सोसलं, रडली, गप्प राहिली, की झालं. विनोद तसा चालत नाही. एकानं टोला मारला की दुसऱ्यानं परतवावा लागतो. बाई गप्प बसली तर हसू येणार कुठून? म्हणून ज्या सिनेमांत जोडी हसवते, त्या सिनेमांत बाईला बोलावंच लागतं. बायांना या जोड्या आवडण्याचं एक मोठं कारण आम्हाला हेच वाटतं. घरात जे उत्तर ओठांपर्यंत येऊन परत जातं, ते तिथे कुणीतरी मोठ्यानं देऊन टाकतं.

यानंतरची गोड जोडी म्हणजे रमेश देव आणि सीमा देव. सीमाताईंचं माहेरचं नाव नलिनी सराफ. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला आणि १९६२ साली त्यांचा 'वरदक्षिणा' हा चित्रपट आला. वरदक्षिणा म्हणजेच हुंडा. १९६३ साली या दोघांनी खऱ्या आयुष्यातही लग्न केलं. १९७१ च्या 'आनंद' या हिंदी चित्रपटात डॉक्टर कुलकर्णी आणि त्यांची बायको म्हणून सगळ्या देशानं त्यांना पाहिलं. पडद्यावरची जोडी घरातही जोडी झाली की लोकांना फार बरं वाटतं. आपण जे बघत होतो ते खोटं नव्हतं, अशी खात्री पटते. रमेश देव २०२२ साली गेले, सीमाताई २०२३ साली. दोघांची नावं आजही एका श्वासात घेतली जातात.

१९७१ साल आणखी एका जोडीचं. त्या वर्षी वसंत सबनीस यांनी लिहिलेला 'सोंगाड्या' आला. दादा कोंडके झाले भोळा नाम्या आणि उषा चव्हाण झाल्या तमाशातली कलावती. पुढे 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम' अशा चित्रपटांतून ही जोडी पुन्हा पुन्हा आली. २५ आठवडे चालला की चित्रपटाचा रौप्यमहोत्सव होतो. दादांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांचा असा महोत्सव झाला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

दादांच्या बोलण्यात दुहेरी अर्थ असायचे. त्यामुळे घरातल्या बायांना, पोरींना हे सिनेमे दाखवावेत की नाही यावर पुष्कळ वाद झाले. तो वाद चुकीचा नव्हता. काही विनोद बाईच्या अंगावरूनच होते. पण दुसरी बाजूही बघा. शहरी, गोरागोमटा, सुटाबुटातला नायक बाजूला सारून लोंबत्या नाडीच्या हाफ पँटमधला खेड्यातला माणूस इथे नायक झाला. आणि ज्या तमाशातल्या बाईला गाव रात्री बघतं आणि सकाळी नावं ठेवतं, ती इथे नायिका झाली. कष्टकऱ्यांनी या जोडीला आपलं म्हटलं ते उगाच नाही.

आपल्या भागात हे सिनेमे पोचले ते तंबूतून. जत्रा-यात्रांत कनाती ठोकून, भुईवर बसवून सिनेमे दाखवायचे. सारंगखेड्याच्या दत्त जयंतीच्या यात्रेत घोडे बघायचे, पाळण्यात बसायचं, तमाशा किंवा सिनेमा बघायचा, असा वर्षाचा एक सोहळा. डोंगरातल्या कित्येक पाड्यांवर वीजच उशिरा आली, तिथे सिनेमा म्हणजे यात्रा हेच समीकरण. बोली कुणाची भिली, कुणाची पावरी, कुणाची मावची, कुणाची अहिराणी. शहरी मराठी सगळ्यांना कळायची असं नाही. पण नवरा-बायकोचं भांडण कळायला भाषा लागत नाही. तिनं हात झटकला, त्यानं डोक्याला हात लावला, की सगळा तंबू हसायचा. आणि तोच चेहरा, तीच जोडी पुढच्या वर्षी पुन्हा आली, की निम्मी गोष्ट आधीच कळलेली असायची. ओळखीची जोडी म्हणजे आपल्या बोलीतून मराठीत जायचा पूल होता, असं आम्हाला वाटतं.

यात धंद्याचाही हिशेब आहे. सिनेमा काढणाऱ्याचे पैसे अडकलेले असतात. जी जोडी एकदा चालली ती पुन्हा चालेल, म्हणून तो तीच घेतो. आणि आपणही तसंच करतो. मजुरीच्या पैशातून तिकीट काढायचं तर अनोळखी माणसावर कशाला? ज्या दुकानातलं बियाणं एकदा चांगलं उगवलं, त्याच दुकानात आपण परत जातो, तसंच हे.

ऐंशीच्या दशकात अशोक सराफ आणि रंजना यांची जोडी आली. 'गोंधळात गोंधळ' १९८१ सालचा, 'गुपचूप गुपचूप' १९८३ चा, आणि 'बिनकामाचा नवरा' १९८४ चा. या शेवटच्या चित्रपटाच्या नावातच सगळं आलं. काम टाळणारा नवरा आणि कष्ट उपसणारी बायको. हे चित्र पाहून बाया किती हसल्या असतील, आणि हसता हसता कितीजणींनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे हळूच पाहिलं असेल! रंजना नुसती विनोदी नटी नव्हती. १९७७ साली व्ही. शांताराम यांच्या 'चानी'त ती नायिका होती, 'अरे संसार संसार'मध्ये तिनं शेतकऱ्याच्या घरातली सोसणारी बाई उभी केली, 'मुंबईचा फौजदार'मध्ये ती रवींद्र महाजनींच्या जोडीला होती. जिला रडवता येतं तिलाच नीट हसवता येतं, हे तिच्याकडे बघून पटतं.

१९८७ साली शूटिंगसाठी बंगळूरकडे जाताना तिच्या गाडीला मोठा अपघात झाला. त्यात तिचे पाय गेले, पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. ३ मार्च २००० रोजी ती वारली, तेव्हा तिची पन्नाशीही झाली नव्हती. जोडीतला एक जण थांबला. दुसऱ्याची वाट पुढे चालत राहिली. अशोक सराफ यांना महाराष्ट्र भूषण मिळाला, २०२५ साली पद्मश्री मिळाली. तो मान त्यांच्या कष्टाचा आहे, त्याबद्दल आपल्याला आनंदच आहे. पण जोडीचा इतिहास सांगताना रंजनाचं नाव मागे राहू नये, म्हणून आज ते मुद्दाम घेतलं. आणि अपघात बाजूला ठेवला तरी सिनेमाची रीत बघा. नायक पन्नाशीतही नायक राहतो, त्याच्या वयाची नायिका मात्र वहिनी होते, मग आई होते. एका कोयत्याचा हिशेब आठवला ना? माणसं दोन, नाव एकाचं.

१९८४ साली 'नवरी मिळे नवऱ्याला' आला. त्यातून सचिन आणि सुप्रिया यांची जोडी जमली आणि १९८५ साली त्यांनी लग्न केलं. १९८८ साली सचिन यांनीच 'अशी ही बनवाबनवी' काढला. हा पाहिला नाही अशी बाई शोधून सापडायची नाही. एकट्या पुरुषांना खोली मिळत नाही म्हणून दोघे जण साड्या नेसून बायका होतात, एवढीच गोष्ट. यात सचिनला सुप्रिया, लक्ष्मीकांत बेर्डे यांना प्रिया अरुण, अशोक सराफ यांना अश्विनी भावे. निवेदिता जोशीही यात आहेत, पण त्यांची जोडी सिद्धार्थ रे यांच्याशी. गंमत अशी की नंतर अशोक आणि निवेदिता यांनी लग्न केलं. पुढे लक्ष्मीकांत आणि प्रिया यांचंही लग्न झालं. फाळक्यांच्या काळी बाई मिळत नाही म्हणून पुरुष साडी नेसला. ७५ वर्षांनी बायका पडद्यावर भरपूर होत्या, आणि पुरुष साडी नेसला तो हसवायला. साडी नेसल्यावर पुरुषांच्या नजरा कशा असतात हे त्या दोघांना चांगलंच कळतं, तेव्हा आपण बाया जरा जास्तच हसतो.

व्हिडिओ आणि दूरदर्शन आल्यावर या जोड्या गल्लीत आल्या. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओट्यावर सगळी आळी. मग घरोघरी टीव्ही आला आणि जोडी रोज रात्री यायला लागली. २०१० साली सतीश राजवाडे यांचा 'मुंबई-पुणे-मुंबई' आला. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. सगळा सिनेमा एका दिवसाचा. मुंबईची मुलगी पुण्याला येते ती आईवडिलांनी सुचवलेल्या मुलाला स्वतः तोंडावर नकार द्यायला. रस्त्यात एक मुलगा भेटतो, दोघं फिरतात, वाद घालतात, बोलत राहतात. मारामारी नाही, खलनायक नाही. नुसतं बोलणं. २०१२ साली हीच जोडी 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' या मालिकेत घना आणि राधा म्हणून घराघरांत गेली. २०१५ साली 'मुंबई-पुणे-मुंबई'चा दुसरा भाग आला, त्यात लग्न. २०१८ साली तिसरा, त्यात बाळ. आठ वर्षं आपण त्यांच्या बरोबरीनं मोठ्या झालो. नाटकातही असंच झालं. प्रशांत दामले आणि कविता लाड यांचं 'एका लग्नाची गोष्ट' गाजलं, आणि २०१८ साली तीच दोघं 'एका लग्नाची पुढची गोष्ट' घेऊन आली.

ही आवड काही आपलीच नाही. शाहरुख खान आणि काजोल १९९३ पासून २०१५ पर्यंत पुन्हा पुन्हा एकत्र आले. तिकडे अमेरिकेत स्पेन्सर ट्रेसी आणि कॅथरीन हेपबर्न या जोडीनं १९४२ ते १९६७ या काळात नऊ चित्रपट केले, आणि त्यांची खासियतही बरोबरीनं भांडणं हीच होती. माणूस कुठलाही असो, त्याला हे बघायला आवडतं.

का आवडतं? आम्हाला याचं उत्तर असं दिसतं. ओळखीच्या जोडीचं भांडण सुरू झालं तरी पोटात गोळा येत नाही. आपल्याला आधीच माहीत असतं, हे भांडण मारहाणीवर जाणार नाही, तिला रात्री घराबाहेर काढणार नाही, शेवटी दोघं हसणार. ज्या घरांत आवाज चढला की लेकरं कोपऱ्यात जाऊन बसतात, त्या घरातल्या बाईला असं निर्धास्त भांडण बघायला मिळणं ही मोठी चैन आहे. त्यात ती स्वप्न बघते असं नाही. भांडण असंही असू शकतं, हे ती बघते. आपलं म्हणणं मांडायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून चहा प्यायचा.

पण मैत्रिणींनो, या जोड्यांनी काही गोष्टी चुकीच्याही शिकवल्या. मुलगी नको म्हणते, तरी मुलगा मागे लागतो, गाणी म्हणतो, वाट अडवतो, आणि शेवटी ती हो म्हणते. हे इतक्या सिनेमांत आलं की मुलांना तीच प्रेमाची रीत वाटते. खऱ्या रस्त्यावर याला त्रास देणं म्हणतात आणि तो गुन्हा आहे. दुसरं, सिनेमा लग्नाच्या हाराशी संपतो. खरं आयुष्य तिथून सुरू होतं. पळून गेलेल्या जोडीमागे पडद्यावर पंच बसत नाहीत, देज किती द्यायचं यावर रात्र जागवत नाहीत, आणि चार महिन्यांनी ऊसतोडीला जाताना पोटातल्या बाळाचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या मुलींना हे प्रश्न असतात. आता मोबाईलवर तर रोज नवी जोडी दिसते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओच संसार वाटायला लागला, तर दोष तिच्या एकटीचा नाही. तिच्याशी बोलायला आपण किती वेळ बसलो, हेही बघावं लागेल. कायद्यानं मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं, हे तिला आपण सांगायचं. आणि मनातलं सांगितल्यावर आई आरडाओरडा करणार नाही, ही खात्रीही आपणच द्यायची.

म्हणून आमचं सांगणं असं. सिनेमा बघा, मालिका बघा, पोटभर हसा. आवडत्या जोडीवर लेकीसुनांशी बोला. 'तिनं त्याला नकार दिला ते तुला बरोबर वाटलं का?' असं सहज विचारलं, की मुलगी स्वतःबद्दल जे बोलणार नाही ते त्या नायिकेबद्दल बोलता बोलता बोलून जाते. मुलांनाही शेजारी बसवा. 'ती नाही म्हणाली, मग तो का थांबला नाही?' हा प्रश्न त्यांना विचारा. उपदेशापेक्षा हा रस्ता सोपा आहे.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर अर्धा तास यासाठी ठेवा. प्रत्येकीनं आपली आवडती जोडी सांगायची आणि त्या जोडीतल्या बाईनं केलेली एक गोष्ट सांगायची, जी आपल्याला करावीशी वाटते. मग एक प्रश्न सगळ्यांनी मिळून बोलायचा: आपल्या घरातल्या जोडीत पैसा कुणाच्या नावावर येतो, आणि तो कुठे जाणार हे कोण ठरवतं? उचलीची चिठ्ठी, सातबारा, बँकेचं खातं, घरकुल, यातल्या कशावर तुमचं नाव आहे ते घरी जाऊन बघून या. आणि ज्या बहिणीच्या घरी भांडण हसण्यावर संपत नाही, तिनं १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेवावा, नाहीतर गटातल्या कुणा एकीला तरी सांगावं.

बैलजोडीतला एकच बैल ओढत राहिला तर जू कलतं, नांगराची ओळ वाकडी जाते. हे शेतात आपल्याला लगेच दिसतं. घरातही दिसायला हवं.